जुम्म्यानंतर, सूर्य बुडायच्या आत

आधीच माफी मागतो. मी लेखक नाही. मराठी शाळेत मी चौथीपर्यंत होतो, मग अब्बांनी आम्हाला बहरीनला आणलं आणि पुढचं सगळं इंग्रजीत झालं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पक्ष, विचार, समता असल्या मोठ्या गोष्टींवर माझ्यासारख्याने लिहावं हा आगाऊपणा आहे, हे मला कळतं. तरी लिहितोय, कारण ज्यांना मला हे सांगायचं आहे ते माझा फोन उचलत नाहीत. पण मराठीत छापलेलं काहीही ते वाचतात, पुडीचा कागदसुद्धा. कुठे छापून आलं तर त्यांच्या हातात पडेल, एवढीच आशा.

त्यांना मी काका म्हणतो. काका ज्यू आहेत. पण मला ते आधी काका म्हणून कळले, मग अलिबागकडचे म्हणून आणि ज्यू म्हणून बऱ्याच उशिरा. पूर्वी आमच्या कोकणात गावोगाव तेलाचे घाणे चालवणारे लोक होते. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. काका त्यांच्यातले. इथे मनामाला एका जहाज कंपनीत हिशेब बघायचे. काका-काकू घरात मराठी बोलायचे, मराठीत भांडायचे. प्रार्थना तेवढी हिब्रूत.

"आणि शिव्या?" मी एकदा विचारलं.

"शिव्या अलिबागच्या. तिथे दुसरी भाषा पुरत नाही."

आमचं एक मंडळ होतं. म्हणजे आहे, मी त्यात नाही. महाराष्ट्रातल्या एका पक्षाला मानणारे इथले मराठी लोक त्यात जमतात. इथे परदेशी माणसाने राजकारण करायचं नसतं, त्यामुळे बॅनरवर पक्षाचं नाव येत नाही, 'सांस्कृतिक' असं लिहितात. पण तिकडून नेते आले की त्यांना विमानतळावर आणायला मंडळच जातं आणि निवडणुकीत गावाकडे फोन करायचं कामही मंडळच करतं. मंडळात निम्मे आमच्यासारखे रत्नागिरी-रायगडचे मुसलमान आणि निम्मे पुण्या-मुंबईचे इंजिनियर, बँकवाले. आणि एक काका.

मंडळाचे अध्यक्ष दादा. पुण्याचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, रिफाला व्हिला. दादांचे उपकार मी विसरलेलो नाही. बारावीनंतर अब्बा मला त्यांच्या एसी दुरुस्तीच्या गॅरेजवर घेणार होते. दादा स्वतः आमच्या सनाबिसच्या दोन खोल्यांत आले, जमिनीवर बसले, अम्मीच्या हातचं जेवले आणि अब्बांना म्हणाले, "भाई, याच्या हातात पाना देऊ नका. याला शिकू द्या. पुढचं मी बघतो." त्यांनी खरंच बघितलं. फॉर्म भरण्यापासून मुलाखतीपर्यंत. म्हणून दादा म्हणाले की माझ्यासाठी ते झालंच.

बैठक शुक्रवारी असायची. आमच्या लोकांची जुम्म्याची नमाज झाली, जेवणं झाली की सुरू आणि सूर्य बुडायच्या आत खलास. कारण शुक्रवारी सूर्य बुडाला की काकांचा शब्बाथ लागतो, मग ते गाडी चालवत नाहीत. ही वेळ दादांनीच ठरवली होती. कुणी नवीन माणूस आला की ते मोठ्या अभिमानाने सांगायचे, "आमची बैठक दोन धर्मांच्या मधल्या वेळेत बसते." बैठकीच्या सुरुवातीला संविधानाची उद्देशिका मराठीत वाचायची पद्धत होती. वाचायचे काका. सगळ्यात वयस्कर म्हणून, आणि आवाज असा की मागच्या खोलीतल्या बायकाही बोलायच्या थांबायच्या.

मला ते त्यांच्या गाडीतून न्यायचे. सनाबिसहून रिफा असं फार लांब नाही, पण काका गाडी अशी चालवायचे की लांब वाटावं. मागून हॉर्न वाजले की म्हणायचे, "वाजव बाबा, तुझाच आहे." कंपनीतलं काँट्रॅक्ट संपत आलं होतं. वर्षअखेर कायमचं अलिबागला जायचं ठरलेलं.

"तिकडे काय करणार, काका?"

"तालुक्याच्या ऑफिसात जाऊन बसणार. माझे वडील तिथेच बसायचे. सतरंज्या उचलायला म्हातारा चालतो की."

ते हसण्यावारी नेत, पण मला माहीत होतं. तरुणपणी सोडून आलेलं पक्षाचं काम पुन्हा हातात घ्यायचं, यावरच त्यांनी परतीचा सगळा बेत उभा केला होता.

मग युद्ध सुरू झालं. आमच्या घरात टीव्ही बंदच होईना. अम्मी स्वयंपाक करता करता ढिगाऱ्यातून काढलेली मुलं बघायची आणि रडायची. मीही रडलो आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. त्या शुक्रवारी गाडीत काय बोलावं मला कळेना. काकाच म्हणाले, "झोप येत नाही रे. त्या लेकरांकडे बघवत नाही. आणि माझी बहीण पलीकडच्या बाजूला राहते, म्हातारी आहे, तिचीही काळजी वाटते. एका माणसाला दोन्ही वाटू शकतं ना?"

मी हो म्हणालो. अजूनही हो म्हणतो.

मंडळात पहिल्यांदा थट्टा सुरू झाली. आमचे सहसचिव इंजिनियर, मुंबईचे, राहायला अमवाजला. दादांच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर ते म्हणाले, "काय काका, हेरखात्याचा फोन आला की नाही आज?"

"आला होता ना," काका म्हणाले. "म्हणाले, रिफाला चहा फार पातळ मिळतो, तेवढं वर कळवा."

सगळे हसले, दादाही. पुढच्या वेळी त्यांचा दुसरा प्रश्न आला. "तुमच्या लोकांनी काल काय केलं बघितलंत का?" काका म्हणाले, "माझे लोक रेवदंड्याला आहेत. ते म्हणतायत, यंदा आंबा कमी आहे." या वेळी हसणारे कमी होते.

त्यानंतर मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सुरू झालं. सुरुवातीला सरकारवर, सैन्यावर. ते मला पटत होतं, मीही काही पुढे पाठवलं. पण हळूहळू त्यातून सरकार गळून पडलं आणि नुसते यहूदी उरले. जगातल्या बँका यांच्या, वर्तमानपत्रं यांची, लढाया हेच लावतात, यांच्यावर कुणी कधी विश्वास ठेवू नये. एकदा सहसचिवांनी एक चित्र टाकलं. आकड्यासारखं नाक, वाकडी बोटं, बोटांत पृथ्वीचा गोळा. खाली मराठीत ओळ होती, 'घरातले साप ओळखा'. ग्रुपवर ज्यू एकच होते. चित्राला अंगठे आले, माझ्या ओळखीच्या, मला लहानपणापासून खाऊ देणाऱ्या माणसांचे अंगठे. मी बराच वेळ लिहून खोडून शेवटी टाकलं, 'हे काढून टाकावं असं मला वाटतं. काका इथे आहेत.' मग कुणीतरी विजेच्या दुकानातल्या सेलची जाहिरात टाकली आणि गप्पा तिकडे वळल्या.

काकांनी ग्रुप सोडला नाही. गाडीत मी विषय काढला तेव्हा समोर बघत म्हणाले, "मला कुणाला काढायला लावायचं नाही. मी जायच्या आधी एकदा बैठकीत म्हणावं की हे चुकलं, हा माणूस आपला आहे. बस. नाहीतर तिकडे ऑफिसात मी कुठल्या तोंडाने बसू?"

मी दादांकडे गेलो. चूक दाखवायला गेलो होतो आणि 'सॉरी दादा' म्हणून सुरुवात केली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तू बरोबर आहेस. पक्षात असल्या गोष्टीला जागाच नाही. लिहून दे मला. मी मुंबईला पाठवतो."

"मी थेट पाठवू का?"

"अरे, इकडून वर जे जातं ते माझ्यामार्फत जातं. पद्धत आहे आपली. आणि काकांना आत्ता यातलं काही सांगू नकोस. काही झालं नाही तर त्यांना उगाच लागेल."

मला ते समजूतदारपणाचं वाटलं. मी लिहिलं की काकांवरून मंडळात जे चाललं आहे त्याने एक मुसलमान तरुण म्हणून मला त्रास होतो, आमचं दुःख वापरून कुणी एका म्हाताऱ्या माणसाला साप म्हणावं हे मला मान्य नाही आणि पक्षाने यावर काहीतरी करावं. खाली पूर्ण नाव घातलं. दादांनी वाचून घडी घातली. "छान लिहितोस," म्हणाले.

अब्बांना कळलं तेव्हा ते चिडले. "तुला काय पडलंय? तुझा व्हिसा माझ्या व्हिसावर आहे. उद्या कुणी काही बोललं तर?" अम्मी आतून म्हणाली, "मग काय गप्प बसायचं? त्यांच्या बायकोने तुमच्या ऑपरेशनला किती दिवस डबा दिला!" अब्बा म्हणाले, "डबा दिला म्हणून..." आणि गॅरेजवर निघून गेले.

थोड्या दिवसांनी ग्रुपवर दादांचा मेसेज आला. 'सर्वांच्या सोयीसाठी यापुढे बैठक शनिवारी सकाळी होईल.'

मला वाटलं, दादा विसरले. मी फोन केला. "दादा, शनिवारी काकांना जमणार नाही."

"माहीत आहे रे. सध्या वातावरण तापलंय. त्यांचंच बरं. थोडे दिवस."

काकांना विचारलं तर म्हणाले, "सर्वांच्या सोयीसाठी. बरं." मग म्हणाले, "तू जा हं. माझ्यामुळे थांबू नकोस. तुझं अजून सगळं व्हायचंय." मी गेलो. तिथे असलो तर तक्रारीचं काय झालं ते कळेल, असा माझा हिशेब होता. उद्देशिका वाचायची पद्धत शनिवारी आपोआप बंद पडली. तक्रारीबद्दल विचारलं की दादा म्हणायचे, "पाठवलंय. वर विचार चालू आहे. इंशाल्ला होईल."

वर्षाचं स्नेहसंमेलन मात्र शुक्रवारीच होतं, कारण हॉल त्याच दिवशी मिळाला. मुंबईहून पक्षाचे एक मोठे नेते येणार होते. संमेलनाला प्रत्येक घराने आपल्या भागातला पदार्थ आणायचा असतो. अम्मी दरवर्षी मलिदा करते, दर्ग्यावर नियाजीला, म्हणजे प्रसादाला, करतात तसा, चपात्या कुस्करून, गूळ, तूप, खोबरं. काकूही मलिदाच आणायच्या. त्यांच्याकडे नवस फेडताना एलिया नबीच्या नावाने करतात, भिजवलेल्या पोह्यांचा, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर फळांच्या फोडी. दोन्ही ताटं शेजारी मांडायची आणि दोघींनी भांडायचं, हा संमेलनाचा भागच होता.

"पोह्यांना मलिदा म्हणायचं तर आमच्याकडे रोज सकाळी मलिदाच असतो गं," अम्मी म्हणायची.

"आणि तुमची ती कुस्करलेली चपाती आमच्यात तापातल्या पोराला दुधातून देतात," काकू म्हणायच्या.

त्या दिवशी टेबलावर एकच ताट होतं. अम्मीचं, मधोमध, नेत्यांच्या खुर्चीसमोर. काकूंनी आपलं ताट माझ्यासमोर आत नेलं होतं. मी हॉलच्या स्वयंपाकघरात गेलो तर ते पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यांमागे होतं, वरची फॉइलही उघडलेली नाही. वाढणाऱ्या ताई म्हणाल्या, "दादा म्हणाले, एकाच नावाचे दोन पदार्थ कशाला." नजर मात्र त्यांनी माझ्याकडे केली नाही.

मी बाहेर आलो तर स्टेजवरून दादा माझंच नाव घेत होते. "आज उद्देशिका वाचेल आपला तरुण मित्र, आपल्या मुस्लिम समाजातला पहिल्या पिढीचा विद्यार्थी." टाळ्या झाल्या. काका तिसऱ्या रांगेत बसले होते, गळाबंद कोटात. वर्षातून एकदाच घालायचे तो कोट. वाचायला उठायचं म्हणून त्यांनी चष्मा आधीच हातात काढून ठेवला होता. मी माइकपाशी उभा राहिलो. कागद हातात होता. कसंबसं म्हणालो, "हे... काका वाचतात. त्यांनीच वाचावं." आवाज एवढा बारीक होता की मागे ऐकूही गेला नसेल. काकांनी मान हलवली, हाताने खूण केली, वाच. दादा कानाशी म्हणाले, "यल्ला, वाच. पाहुणे थांबलेत." मला नाही वाचता आलं. सहसचिवांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि घाईघाईत वाचून टाकला.

मी खाली उतरलो तोवर अम्मीला ताटाचं कळलं होतं. तिने नेत्यांच्या समोरून आपलं ताट उचललं, चालत स्वयंपाकघरात गेली आणि काकूंच्या ताटाशेजारी ठेवलं. काकूंची फॉइलही तिनेच काढली. "आम्ही दोन एकत्रच ठेवतो," तिने ताईंना सांगितलं. मग त्या दोघी तिथेच उभ्या राहून एकमेकींच्या ताटातलं खात होत्या. भांडण झालं नाही त्या वर्षी.

दादांनी मला पार्किंगमध्ये गाठलं. त्यांना चिडलेलं मी पहिल्यांदा बघत होतो.

"तुझ्या आईने पाहुण्यांसमोरचं ताट उचललं! आणि तू स्टेजवर तमाशा केलास. अरे, मी हे कुणासाठी करतोय? तुझ्याच लोकांसाठी ना! निम्मं मंडळ तुमचं आहे. त्यांच्या भावना मी नाही सांभाळायच्या?"

"आमच्या घरी विचारलं असतंत, दादा."

"लहान आहेस. कळेल."

घरी जाताना मला जाणवलं, युद्धाच्या बातम्या बघत आमच्या घरात जे रडणं झालं होतं, त्याचा त्यांनी वापर केला होता. माझ्या अम्मीच्या रडण्यावर त्यांनी शनिवारची बैठक बसवली होती.

काका अलिबागला परत गेले. जाण्यापूर्वी बैठकीत कुणीच काही म्हणालं नाही. मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो होतो, अब्बांच्या गॅरेजच्या व्हॅनमधून. अब्बाच चालवत होते, आणि बॅगा त्यांनी काकांना उचलू दिल्या नाहीत. काका मला म्हणाले, "मफी मुश्कील, काही अडचण नाही. तिकडचं ऑफिस वेगळं. तिथे मला सगळे ओळखतात."

सुरुवातीला फोन व्हायचे. विहिरीला पाणी कसं आहे, घराची कौलं कशी बदलली, उद्या तालुक्याला जातोय सभासद नोंदणीला. त्यानंतर फोन बंद झाले. मी सणाला मेसेज पाठवला, दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. मला वाटलं तब्येत असेल. दादांना विचारलं तर म्हणाले, "म्हातारी माणसं, तिकडे रमली असतील."

गेल्या आठवड्यात काकूंचा फोन आला. काका देवळात, म्हणजे त्यांच्या सिनेगॉगमध्ये गेले असताना, हळू आवाजात.

"बाळा, एक विचारू? रागावू नकोस."

त्यांनी सांगितलं ते असं. तालुक्याच्या ऑफिसात काकांची नोंदणी करून घेतली नाही. तिथला माणूस म्हणाला, बहरीनहून वर तक्रार गेली आहे, तिथल्या मुसलमान तरुणांना तुमच्यावरून त्रास होतो. नाव काय, तर माझं. काकांचा विश्वास बसला नाही. ते त्या माणसाशी भांडले, म्हणाले, हा पोरगा माझ्या गाडीत बसून मोठा झालाय, तो असं लिहिणार नाही.

"मग ह्यांनी घरी येऊन दादांनाच फोन लावला," काकू म्हणाल्या. "खात्री करायला. दादा म्हणाले, हो, पोराने लिहून दिलंय, माझ्याकडे आहे. नंतर त्याचं मन त्याला खात होतं, म्हणून तर त्या दिवशी त्याला स्टेजवर वाचता आलं नाही."